वरचा पल्ला, खालचा पल्ला



घर बांधायला काढलं की जोत्याची चर्चा महिनाभर चालते. स्लॅब टाकायचा की पत्रा, यावर सगळी भावकी बसते. दाराला सागवान लावायचं की बाभूळ, यावर घरातली मोठी माणसं बोलतात. खिडकीवर मात्र कुणी बोलत नाही. गवंडी विचारतो, "खिडक्या किती सोडू?" आणि कुणीतरी उभ्या उभ्या सांगून टाकतं, "सोडा दोन." पुढे पैसे संपत आले की तालुक्याला जी स्वस्त मिळेल ती खिडकी आणून त्या भोकात बसवायची. आणि मग वीस-तीस वर्षं त्या खिडकीपाशी कोण असतं? ओट्यापाशी उभी राहणारी, चुलीपुढे बसणारी, पाळण्याची दोरी ओढणारी बाई. तिला कुणी विचारलेलंच नसतं.

परवाच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी हा विषय काढला. त्यांच्या घरकुलाच्या भिंती खिडकीच्या उंचीला आल्या आहेत. त्यांनी मोबाईलवर अमेरिकेतल्या एका खिडकीची जाहिरात पाहिली. फायबरग्लासची, दोन पल्ल्यांची, वरखाली सरकणारी. टिकाऊ, आणि विजेचं बिल कमी करणारी. ताईंचा प्रश्न सरळ होता, "अशी खिडकी आपण घ्यावी का?" सगळ्याजणी हसल्या, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्या खिडकीत आपल्या कामाचं काय आहे आणि काय नाही, हे नीट पाहिलं तर आपल्या घराची खिडकी कशी असावी याचं उत्तर मिळतं.

आधी ती खिडकी समजून घेऊ. एका चौकटीत दोन पल्ले, एकावर एक. खालचा पल्ला वर सरकतो, वरचा खाली सरकतो. पल्ला हाताने उचलला की हवा तिथे थांबतो, कारण चौकटीच्या आत त्याचं ओझं तोलणारी स्प्रिंग असते. पूर्वीच्या काळी तिथे दोरीला बांधलेलं वजन असायचं, आपल्या विहिरीच्या रहाटासारखंच. तिकडच्या थंड प्रदेशात हिवाळ्यात बाहेर बर्फ असतो आणि घर आतून तापवावं लागतं. ती ऊब काचेतून आणि चौकटीतून निसटली की इंधनाचं बिल वाढतं. म्हणून ते दोन काचा लावतात आणि मध्ये बोटभर हवेची पोकळी ठेवतात. एका काचेतून जितकी ऊब निसटते, तिच्या निम्म्याच्या आसपासच दोन काचांतून निसटते. चौकट फायबरग्लासची, म्हणजे काचेचे बारीक धागे राळेत भिजवून तापलेल्या साच्यातून ओढून काढलेली. ती पाण्याने फुगत नाही, तिला वाळवी लागत नाही, गंज चढत नाही. ऊनथंडीने ती जेवढी फुगते-आकसते तेवढीच साधारण काचही फुगते-आकसते, त्यामुळे सांधे सैल होत नाहीत. वरचा रंगाचा थर मात्र सांभाळावा लागतो. तो उन्हाने गेला की आतले धागे उघडे पडतात.

वस्तू चांगली आहे, यात शंका नाही. पण ती कशासाठी केलेली आहे ते बघा. ऊब आत कोंडून ठेवण्यासाठी. आपलं दुखणं नेमकं उलटं आहे. आपल्या घरात ऊब नको तितकी आहे आणि ती बाहेर काढायची आहे. ज्या घरात एसी नाही, जिथे खिडक्या उघड्याच ठेवायच्या आहेत, तिथे दोन काचांवर पैसे घालून फारसं काही हाती लागत नाही. शिवाय साध्या दोन काचांमधून सरळ ऊन आत येतंच. ऊन अडवायचं ते बाहेरच अडवावं लागतं.

तर मग त्या खिडकीतून आपण घ्यायचं काय? आमच्या मते घेण्यासारखी एकच गोष्ट आहे, आणि तिला पैसे फार लागत नाहीत. ती खिडकी वरूनही उघडते आणि खालूनही उघडते.

गरम हवा हलकी असते, ती वर चढते. पत्र्याच्या घरात दुपारी पंख्याखाली झोपलं की झळ अंगावर येते, ती याच हवेची. पत्र्याखाली साठलेली गरम हवा पंखा आपल्या अंगावर ढकलतो. साधा जुना पंखा 75 वॅटच्या आसपासचा असतो. तो दिवसाला दहा तास फिरला तर महिन्याला बावीस-तेवीस युनिट वीज जाते, आणि ती वीज खर्चून आपण गरम हवाच ढवळत बसतो. वरची हवा बाहेर जायला वाट असेल आणि खालून गार हवा आत यायला वाट असेल, तर ही फिरती आपोआप सुरू होते, वारा पडलेला असला तरी. नुसत्या मधल्या उंचीच्या खिडकीने ते तेवढं होत नाही. आपल्या खिडकीची वरची कड सात फुटांवर संपते आणि पत्रा नऊ-दहा फुटांवर असतो. मधल्या दोन-तीन फुटांत जे साठतं ते तिथेच राहतं.

स्वयंपाकघरात तर याला फारच महत्त्व आहे. चुलीचा धूर वर जातो. खिडकी चुलीशेजारीच असली तरी तिच्या वरच्या कडेच्या वर जो धूर चढला तो बाहेर पडत नाही, छताशी पसरतो आणि थंड झाला की हळूहळू डोळ्यांच्या उंचीला उतरतो. छताला काजळी धरते ती यामुळेच. गॅसचं बरोबर उलटं आहे. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, वरच्या झरोक्यातून जात नाही. तेव्हा चूल आणि गॅस दोन्ही असलेल्या घरात, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकींच्या घरात, वर एक वाट हवी आणि खाली एक वाट हवी. खालची वाट म्हणजे दाराखालची फट नव्हे. ओट्याखाली, जमिनीलगत, बाहेरच्या भिंतीत जाळी लावलेलं एक छोटं भोक. गवंड्याला ते पाच मिनिटांचं काम आहे. आणि गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालू-बंद काहीही करायचं नाही, रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर यायचं.

आणखी एक कारण आहे, ते बाया एकमेकींत बोलतात, गवंड्यापुढे बोलत नाहीत. रस्त्याकडची खिडकी आपण उघडतच नाही. येणारा-जाणारा आत बघतो. बाळाला पाजायचं असतं, कपडे बदलायचे असतात, दुपारी जरा आडवं व्हायचं असतं. मग खिडकीचे पल्ले बंद, वर पडदा, आणि आत उकाडा. खिडकीसाठी पैसे मोजले आणि ती वर्षभर बंदच राहिली, तर ते पैसे गेलेच की! खालचे पल्ले बंद ठेवून वरचे उघडता आले तर हा प्रश्नच राहत नाही.

ही काही परदेशी कल्पना नाही बरं. कोकणातली, गोव्यातली जुनी घरं आठवा, नाहीतर घाटावरचे वाडे. चार झडपांची खिडकी असायची. दोन वर, दोन खाली. खालच्या दोन लावून घेतल्या तरी वरून उजेड आणि वारा येतच असे. माळवदाच्या घराला छतात साणं असायचं, धूर तिथून जायचा आणि उजेड तिथून यायचा. पावसात त्यावर झाकण ठेवायला कुणीतरी धावायचं, तो त्रास होता, पण छताखाली धूर कोंडून राहत नव्हता. सिमेंटची घरं आली तेव्हा साणंही गेलं आणि चार झडपाही गेल्या.

आता हे आपल्या घरात कसं करायचं? समजा खिडकी तीन फूट रुंद आणि साडेचार फूट उंच आहे. जमिनीपासून अडीच फुटांवर ती सुरू होते आणि सात फुटांवर संपते. फॅब्रिकेशनवाल्या दादांना किंवा सुतारमामांना सांगायचं की मध्ये एक आडवी पट्टी घाला, जमिनीपासून पाच फुटांवर. खाली दोन पल्ले, वर दोन पल्ले, चौघांना वेगळ्या कड्या. वरच्या पल्ल्यांची कडी त्यांच्या खालच्या अंगाला ठेवायला सांगा, म्हणजे स्टुलावर न चढता हात पोचतो. खालच्या पल्ल्यांना पत्रा किंवा दुधी काच, वरच्यांना साधी काच. जादा खर्च होतो तो एका आडव्या पट्टीचा, चार-पाच बिजागऱ्यांचा आणि दोन कड्यांचा. त्याशिवाय समोरच्या भिंतीत, अगदी छताखाली, दोन फूट लांब आणि एक फूट उंच असा झरोका ठेवायचा. त्याला जाळी, आणि बाहेरून पावसासाठी पत्र्याची छोटी टोपी. झरोका खिडकीच्या समोरच्या भिंतीत असला की वारा खोलीच्या आरपार जातो. एकाच भिंतीला दोन खिडक्या शेजारीशेजारी ठेवल्या तर भिंत शोभते, पण वारा आत शिरत नाही, कारण त्याला बाहेर पडायला जागाच नसते.

खिडकी किती मोठी असावी याला एक माप आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत सांगितलंय की कोरड्या गरम हवेच्या भागात खिडक्या-झरोके मिळून खोलीच्या जमिनीच्या किमान एक दशांश असावेत, आणि दमट गरम भागात एक षष्ठांश. दहा बाय बाराची खोली म्हणजे 120 चौरस फूट. सोलापूर, बीडकडे त्या खोलीला किमान 12 चौरस फूट, रत्नागिरी, सिंधुदुर्गाकडे 20 चौरस फूट. आपली तीन बाय साडेचारची खिडकी साडेतेरा फुटांची होते. ग्रामीण घरकुल योजनेत घर किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे साधारण 270 चौरस फुटांचं असतं, स्वयंपाकाची जागा धरून. एवढ्याशा घरात प्रत्येक भोक नीट विचार करून ठेवावं लागतं.

इथे सरकत्या खिडकीबद्दल सांगितलं पाहिजे. हल्ली जो तो स्लायडिंग लावतो. दिसायला छान, पल्ला वाऱ्याने आपटत नाही, बाहेर जागा अडत नाही. पण दोन पल्ल्यांची सरकती खिडकी कितीही सरकवा, अर्धीच उघडते. चार बाय चारच्या खिडकीचे सोळा फुटांचे पैसे देऊन आठ फूट हवा मिळते. शिवाय खालच्या खाचेत माती साठते. बाहेरच्या बाजूला पाणी जायला भोकं असतात, ती बुजली की पावसाचं पाणी आत भिंतीवर उतरतं. जिथे खिडकीबाहेर लगेच बोळ आहे किंवा शेजाऱ्याची भिंत आहे तिथे सरकती खिडकी ठीक. एरवी आमचं मत बिजागरीच्या पल्ल्याकडे झुकतं.

आता ऊन. मे महिन्यात दुपारी बाराला सूर्य आपल्या डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या वेळी दक्षिणेच्या खिडकीला दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि त्याच खिडकीतून ऊन आत येतं, तेव्हा ते हवंच असतं. खरा त्रास पश्चिमेच्या खिडकीचा. तीननंतरचं ऊन तिरपं येतं, छज्जाखालून सरळ आत घुसतं आणि समोरची भिंत तापवतं. ती भिंत मग रात्री दहापर्यंत धग सोडत राहते. जमत असेल तर पश्चिमेला मोठी खिडकी ठेवूच नका. वारा तिकडूनच येतो म्हणून ठेवायची झाली तर बाहेरून आडोसा करा. बांबूचा पडदा, वाळ्याची ताटी, नाहीतर मांडव करून त्यावर दोडक्याचा वेल. आतला पडदा ऊन अडवतो असं वाटतं, पण ऊन काचेतून आत आल्यावर पडदा तापतो आणि ती ऊब घरातच राहते. दोन काचांच्या खिडकीचे पैसे वाचवून त्यातले थोडे या आडोशावर घातले तर आपल्या हवेत ती खरी बचत.

खिडकी उघडायची केव्हा, यालाही नियम आहे. विदर्भ-मराठवाड्यात भर दुपारी बाहेरची हवा 44-45 अंशांची असते, आतल्यापेक्षा गरम. तेव्हा खालचे पल्ले लावून घ्या, वरचा झरोका तेवढा उघडा ठेवा. सूर्य मावळला की सगळं उघडा आणि पहाटेपर्यंत उघडंच राहू द्या, भिंती गार होतात. कोकणात असं करून चालत नाही. तिथे घामाने जीव जातो, वारा वाहता राहिला पाहिजे, तेव्हा दिवसासुद्धा खिडकी उघडीच.

मालाकडे वळू. लाकूड उन्हाने तापत नाही, पण वाळवी आणि पाऊस सांभाळावा लागतो. पिकलेलं सागवान असेल तर प्रश्न नाही, कच्च्या लाकडाचा पल्ला मात्र पहिल्याच पावसाळ्यात फुगून बसतो. लोखंड मजबूत आणि गावात दुरुस्त होणारं. त्याला आधी रेड ऑक्साइडचा हात आणि मग रंग, तोही भिंतीत बसवण्यापूर्वी, कारण चौकटीची भिंतीकडची बाजू नंतर कधीच दिसत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड नकोच. ॲल्युमिनियमला गंज चढत नाही, मात्र त्यातून लोखंडाच्या तिपटी-चौपटीने ऊब वाहते, पश्चिमेला लावलं तर हात लावून बघा. शिवाय पातळ पट्टीचं ॲल्युमिनियम वाकतं. खिडकीची चौकट तेवढी कडप्प्याची किंवा सिमेंटची केली आणि पल्ले लोखंडाचे बसवले तर वाळवी आणि ओल दोन्हींचा त्रास कमी होतो.

आणि आता "फायबर". दुकानात या एका शब्दात तीन-चार वस्तू विकल्या जातात. न्हाणीघराचं हलकं प्लास्टिकचं दार, तेही फायबर. खरं काचधाग्याचं दार, तेही फायबर. यूपीव्हीसीची पांढरी खिडकी, तीही फायबर. अमेरिकेतल्या जाहिरातीतली फायबरग्लासची खिडकी आपल्या तालुक्याच्या दुकानात सहसा नसते. तिथे दाखवतात ती बहुतेक यूपीव्हीसी असते. ती वाईट नाही. तिला वाळवी, गंज काही नाही, रंगही लागत नाही. पण सगळी यूपीव्हीसी सारखी नसते. दुकानदाराला कापलेला तुकडा दाखवायला सांगा. आत पोकळ कप्पे दिसतील, त्यातल्या एका कप्प्यात लोखंडी पट्टी घातलेली असावी. ती नसेल तर मोठा पल्ला उन्हाने नरम होऊन झुकतो. कोपरे वितळवून जोडलेले हवेत, स्क्रूने नुसते आवळलेले नकोत. हलका माल दोन-तीन उन्हाळ्यांत पिवळा पडून ठिसूळ होतो. म्हणून पावतीवर वस्तूचं नाव "फायबर" न लिहिता "यूपीव्हीसी, आत लोखंडी पट्टीसह" असं लिहून घ्या, आणि हमी किती वर्षांची तेही.

महाग की स्वस्त हे पहिल्या दिवशीच्या किमतीवरून ठरवू नका. उदाहरणापुरते आकडे घेऊ. समजा लोखंडी खिडकी 5,000 रुपयांना पडली आणि दर तीन वर्षांनी रंगाला 600 रुपये लागले. पंधरा वर्षांत मध्ये चार वेळा रंग, म्हणजे 2,400. एकूण 7,400. यूपीव्हीसीची समजा 8,000 ला पडली आणि रंग लागला नाही. फरक राहिला 600 चा. रंग घरीच द्यायची तुमची तयारी असेल तर लोखंड परवडेल, नसेल तर दुसरी. आपल्या गावचे खरे भाव घालून हे गणित बैठकीत मांडा. गटातल्या तिघी-चौघींची घरं एकाच वर्षी होणार असतील तर खिडक्या एकत्र सांगा, भाव करायला जोर येतो.

गंमत म्हणजे खरं फायबरग्लास आपल्या खिडकीत एका ठिकाणी असतंच. डासांची जी करडी, कापडासारखी जाळी मिळते ती बहुधा काचधाग्याचीच असते, वर प्लास्टिकचा लेप दिलेली. ती गंजत नाही, पण उंदीर कुरतडतात. झरोक्याला, ओट्याखालच्या भोकाला स्टीलची जाळी लावा, खिडकीला करडी चालेल. जाळीने वारा बराच अडतो, धुळीने भरली की आणखी अडतो. म्हणून ती काढून धुता येईल अशी, वेगळ्या चौकटीत बसवून घ्या. गज चार इंचांपेक्षा लांब नकोत, लेकराचं डोकं अडकतं. आणि घरातल्या एका तरी खिडकीचं ग्रील आतून उघडणारं ठेवा. स्वयंपाकघरात आग लागली आणि दाराची वाट बंद झाली तर बाहेर पडायला तीच एक जागा.

बसवण्याचं काम चालू असताना तिथे हजर राहा. खिडकीखालच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूने उतार हवा. छज्जाच्या खालच्या कडेला बोटभर खाच पाडून घ्या, म्हणजे पावसाचं पाणी मागे भिंतीकडे न येता तिथूनच खाली गळतं. चौकट आणि भिंत यांच्यातली फट मसाल्याने पूर्ण भरली आहे ना, तेही बघा. सगळं वाळल्यावर पल्ले लावून बाहेरून दोन बादल्या पाणी खिडकीवर मारा आणि आत जाऊन भिंतीवर हात फिरवा. ओल लागली तर कारागिराचे राहिलेले पैसे देण्याआधी ती फट बुजवून घ्या.